वहाळापलीकडे राहिलेला दादा

कार्तिकातला शेवटचा सोमवार. तपासणीची फी तीनशे रुपये, ती मी दिली. हजर आम्ही तिघे होतो: मालवणातले दातांचे डॉक्टर, माझा थोरला भाऊ आणि मी. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. आत यायचा तिला धीर झाला नाही, म्हणून तिला मी हजर धरत नाही.

दादा आला होता दाढ दुखते म्हणून. डॉक्टरांनी दाढ बघितली, मग त्याचा गाल बोटाने ओढून दिव्याखाली बराच वेळ आत बघत राहिले. कापसाच्या बोळ्याने काहीतरी पुसलं. परत बघितलं, परत पुसलं. मग मला जवळ बोलावलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांना लागून, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता. भिंतीला चुना काढताना ब्रशचा एक फटकारा भलतीकडे पडावा, तसा.

"हा पुसून जात नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तंबाखू किती वर्षं?"

दादाच्या तोंडात आरसा होता. मीच सांगितलं, "चाळीस."

"आणि धरतात याच बाजूला," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मी त्यांना सरळ विचारलं, हा कॅन्सर आहे का. मी एका घाऊक दुकानात हिशेब बघतो. गोल बोलणं मला समजत नाही. डॉक्टरही गोल बोलले नाहीत. म्हणाले, "आज मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तंबाखू आजपासून पूर्ण बंद. सहा आठवड्यांनी दाखवायला या. चट्टा विरत असला तर मार्ग आहे. पण खाणं चालू ठेवून आलात, तर मला काय दिसेल ते मी आत्ताच सांगू शकतो."

ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

घरी येताना खाडीच्या पुलावर दादाने रिक्षा थांबवायला लावली. कनवटीची पुडी काढली, चुन्याची डबी काढली आणि दोन्ही पाण्यात भिरकावून दिली. "सोडलंय. संपला," म्हणाला. वहिनीने डोळे पुसले. रिक्षावाला हसून म्हणाला, "काका, डबी तरी ठेवूची होती. ॲल्युमिनची होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाकडे नवीन डबी होती.

मी रागावलो नाही. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो लपवत नव्हता. डबी कधी घेतली, कोणाकडून घेतली, हे तो खरंच आठवून सांगत होता आणि ते त्याला नीट आठवत नव्हतं. आमची दोन्ही घरं एकाच आवारात आहेत, मध्ये एक खळं आणि एक विहीर. तेव्हा मी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवू लागलो. तो सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसला की हात कनवटीला जायचा. गायीचं दूध काढून झालं की जायचा. जेवून हात धुतले की जायचा. माणूस दुसरंच काही बोलत असायचा, पावसाने झालेलं भाताचं नुकसान, नारळाचा पडलेला भाव, आणि हात आपलं काम करत असायचा.

मी डबी काढून घेतली. वाडीतल्या दुकानदाराला सांगून ठेवलं. वहिनीने बडीशेप आणि ओवा भाजून दिला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या संध्याकाळी मी आलो तर दादा कठड्यावर बसलेला. डावा तळवा उघडा, आणि उजवा अंगठा त्या तळव्यात काहीतरी मळतोय. तळव्यात काहीच नव्हतं.

"दादा, काय करतस?"

"काय करतंय?" त्याने मला उलट विचारलं. मग माझी नजर कुठे आहे ते बघून त्याने खाली बघितलं. अंगठा थांबला. तो आपल्या हाताकडे ज्या नजरेने बघत राहिला, ती नजर मी त्याआधी एकदाच बघितली होती, गोठ्यात फुरसं निघालं होतं तेव्हा.

वहिनी दारातून म्हणाली, "भावोजी, रात्री निजेत पण ह्याच करतत. मी सांगूक नाय."

मार्गशीर्ष लागला आणि देवाने कौल दिला. आमच्या गावाला गावपळण आहे. काही वर्षांनी एकदा सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मागे कोणी राहत नाही. त्या दिवसांत गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं असतं, फक्त मानकरी तेवढे देवळात जाऊन येतात. वेशीवरचा ओढा म्हणजे वहाळ; तो ओलांडला की पलीकडचा सडा, कातळाचा माळ, दुसऱ्या गावाचा. तिथे माडाच्या चुडतांची विणलेली झापं लावून झोपड्या करायच्या, एकत्र जेवायचं, भजनं म्हणायची. पोरांना ती सहलच वाटते.

मला त्यात दादाची सोय दिसली. कठडा नाही, गोठा नाही, पडवी नाही. ज्या ज्या जागेवर हात कनवटीला जातो ती एकही जागा तिथे नाही. मी दादाला तसं सांगितलं. पुढे असंही म्हटलं, की निघताना देवाकडे गाऱ्हाणं घालून टाक, तंबाखू सोडली म्हणून.

"देवाक मदी घालू नको," दादा म्हणाला. "देवाक फसवूचा धाडस माज्यात नाय."

"फसवायचं कशाला? सोडायची."

"म्हणान तर सांगतंय."

निघायच्या दिवशी दुपारी देवळातला ढोल वाजला. दादा पुढे गाय घेऊन, मी डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन. वहिनी सगळ्यांत शेवटी निघाली. घराच्या मागे फणसाखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. घर सोडून जाताना त्याच्यासमोर विडा ठेवायचा असतो: पान, सुपारी, तंबाखूची चिमूट, बोटभर चुना. वहिनीने तो ठेवला. मी तिला ठेवताना बघितलं. दादानेही बघितलं असणार, कारण गाय तिथूनच नेली. त्यात कोणाला काही वाटलं नाही. राखणदाराला ठेवलेलं माणसाने खायचं नसतं, हे आमच्याकडे पोरालाही सांगावं लागत नाही.

पहिले दोन दिवस दादाने तंबाखू खाल्ली नाही. लोक चिडवायचे. आमच्याकडे कोणी शेजारी येऊन टेकला की तो आधी तंबाखू मळून तुमच्यापुढे धरतो, मग बोलायला लागतो. नाही म्हणणं म्हणजे त्याला परक्यात काढणं. दादा नाही म्हणायचा आणि ओव्याची पुडी काढायचा.

"आता ढेकर दी आणि बिल माग," एकजण म्हणाला. "हॉटेलात बसल्यासारखो दिसतस."

"बाळंतिणीचो ओवो तो," दुसरा म्हणाला. "काय झाला रे, झील की चेडू?"

दादाही हसला. त्याचं डोकं ठणकत होतं, पण हसला. मला वाटलं, जमतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वहिनी ओरडली. गायीने खुंटा उपटला होता. दूध काढायची तिची वेळ झाली होती आणि ती नेहमीच्या पावलांनी सरळ वहाळ ओलांडून घराकडे निघाली होती. आम्ही काठावर पोचलो तेव्हा तिची शेपटी पलीकडच्या माडांत दिसेनाशी होत होती.

गावात पाऊल टाकायचं नाही, हा नियम. पण जनावर मागे राहिलं तर तेही चालत नाही. सगळे मानकऱ्यांकडे बघू लागले. मानकरी म्हणजे ऐंशीच्या घरातले एक म्हातारे, दादा त्यांना काका म्हणतो. त्यांनी थोडा विचार केला आणि दादाला म्हणाले, "तुजी गाय, तू जा. गोठ्यातसून दावा धर आणि परत ये. घरात शिरू नको. फाटी बगू नको. आणि परत वहाळ ओलांडीसर तोंडातसून सबूद काढू नको."

दादा गेला. बाकीचे परत झोपड्यांकडे वळले, मी काठावर थांबलो.

मी पन्नाशी ओलांडली आहे आणि माझा भुताखेतांवर फारसा विश्वास नाही. तरी ती दुपार मला आवडली नाही. गाव समोर दिसत होतं, ऊन स्वच्छ होतं, आणि आवाज नव्हता. कोंबडा नाही, कुत्रं नाही, पंपाची घरघर नाही. आपल्याला रोज गाव ऐकू येत असतं हे तेव्हा कळलं. वारा पडलेला असताना माडाचं एक चुडत सुटून खाली आलं, त्याचा आपटल्याचा आवाज आला आणि परत सगळं बंद झालं. गोठ्यापर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा उलटला. त्याच्या वर आणखी तेवढाच उलटला.

मग गायीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. दादा दावं धरून येत होता. मान खाली. वहाळात गुडघाभर पाण्यात आला आणि मध्येच थांबला. मी हाक मारली नाही, बोलायचं नव्हतं. तो वाकला, ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली. परत भरली. मग बोट घालून गाल आतून घासला आणि आणखी एकदा भरली.

तो काठावर चढला. आता बोलायला हरकत नव्हती. मी म्हटलं, "दादा?"

त्याने दावं माझ्या हातात दिलं आणि तो झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मला कळलं होतं. वहिनीला मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचा कौल घ्यायला मानकरी देवळात गेले. देवाला ओल्या कळ्या लावतात; उजवीकडची पडली की होकार. ते परत आले तेव्हा ढोल वाजला नाही. देवाने कौल दिला नव्हता. अजून एक दिवस बाहेर राहायचं.

असं पूर्वीही झालेलं आहे, त्यात अघटित काही नाही. पण लोक हळू बोलू लागले. बायका चुलीशी बोलायच्या आणि वहिनी आली की तांदळाकडे वळायच्या. पोरांना काठावर जाऊ देईनात. गायीवरून काहीतरी झालं, एवढं सगळ्यांनी ठरवलं होतं. कोणी दादाला टोमणा मारला नाही. आदल्या दिवसापर्यंत ओव्यावरून चिडवणारी माणसं आता त्याच्याशी नीट, जपून बोलत होती. ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी दादा उठला आणि मानकऱ्यांच्या झोपडीकडे गेला. मी मागे गेलो. काका पाटावर बसून चहा पीत होते.

"काका," दादा उभ्यानेच म्हणाला, "गाय हाडूक गेलंय तेवा मी राखणदाराचो इडो खाल्लंय. तंबाकू."

काकांनी कप खाली ठेवला. "घरातसून हाडलंस?"

"नाय. दगडार ठेवलेली."

"तलप इली?"

"नाय काका. तलप इली असती तर माका समाजली असती." दादाचा आवाज बारीक झाला. "उजव्या हातात दावा होता. फणसाकडे वळलंय तेवडा आठावता. मगे एकदम गालात चुनो झोंबलो, तेवा माका कळला की तोंडात काय तरी आसा. मदला काय एक आठवणा नाय."

काकांनी त्याच्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "चोर माणूस चोरी करूच्या आदी चार बाजूंक बगता. तू बगलंस?"

"नाय."

"म्हणजे तू चोरलंस नाय. तुज्या हातान चोरलां." त्यांनी कप परत उचलला. "दंड मागूचो तर मी मागू कोणाकडे? तुज्याकडे काय हाताकडे?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते हसत नव्हते.

"काका, देव म्हणान थांबलो काय?" दादाने विचारलं.

"देव कित्याक थांबलो ता माका ठावक नाय. तू बोललंस, बरा केलंस. सकाळी गाऱ्हाण्यात घालतंय. नाव घेणय नाय."

पाचव्या दिवशी सकाळी काकांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. आम्ही तिथे नव्हतो, पण त्यांच्याबरोबर गेलेल्यांनी नंतर सांगितलं, की 'कोणा लेकराचा काय चुकला असात' याच्यापुढे त्यांनी नेहमीचं सोडून म्हटलं, 'तर तेच्या हाताक तेच्या ताब्यात दी.' बाकीचे सवयीने 'होय महाराजा' म्हणाले. उजवी कळी पडली. ढोल वाजला.

लोकांनी झापं सोडायला सुरुवात केली. पोरं कोंबड्यांमागे धावत होती. मी भांडी बांधली. दादा झोपडीच्या दारात बसून होता.

"तुमी जावा," तो म्हणाला. "मी येणय नाय."

वहिनीला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "ओ, ह्या काय बोलतास? देवान बोलवल्यान ना आता?"

"तू गाय घेवन जा गो. माका हयसरच रवूचा आसा."

"कितके दिवस?"

"डॉक्टराची तारीक येयसर."

मी त्याच्यापाशी बसलो. समजावायला तोंड उघडलं तर त्यानेच मला विचारलं, "परवा गायीक कोणी सांगला, गोठो खंय आसा?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तिचा रोजचा रस्ता."

"मगे झाला. मी घराक गेलंय की तसोच जातलंय. कठड्यार जातलंय, पडवेर जातलंय. माका सांगूची गरज नाय आणि माका आडवूचो उपयोग नाय. मी थयसर नसलंय तर हात काय करतलो?"

मी तंबाखू सोडवायचे बरेच उपाय ऐकले होते. माझ्या फोनवर रोज येतात: मन खंबीर करा, संकल्प लिहून भिंतीवर लावा. पण दुखणं मनात नसून घराच्या कठड्यावर आहे, हे चाळीस वर्षं खाणाऱ्यालाच कळलं.

गाव परत गेलं आणि सड्यावर एकच झोपडी राहिली. त्या जमिनीचा मालक शेजारच्या गावचा. तो दुसऱ्या दिवशी आला, झोपडीत माणूस बघून दचकला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "रव. माका काय नाय. पण आग सांभाळ, काजीचो पालो सुको आसा." आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "देवान परत बोलवल्यार जो भायर रवता तो कोणाचो रे? माज्या जाग्यात काय लागीर होवचा नाय ना?" मी नाही म्हणालो. खात्री मलाही नव्हती.

गावातही तेच चाललं होतं. वहिनीला बायका विचारायच्या, येत नाही तो आजारी आहे की दुसरं काही. सकाळी ती पेज घेऊन जायची, संध्याकाळी मी भात आणि माशाचं कालवण.

पहिला आठवडा वाईट गेला. दादा चिडायचा, डबा उघडायचा नाही, मला म्हणायचा, "तू जा, तुज्या सदऱ्याक दुकानाचो वास येता." आमच्या दुकानात तंबाखूची पोती असतात. मी त्या दिवसापासून घरी सदरा बदलून जाऊ लागलो. त्याने मागे राहिलेली चुडतं गोळा केली आणि झापं विणायला घेतली. झाप विणायला दोन्ही हात लागतात, एक सोडला की वीण सुटते. तो दिवसभर विणायचा. झोपडीमागे ढीग वाढत होता आणि त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

एका रविवारी मी दुपारीच गेलो. दादा झोपला होता. उजवं मनगट सुंभाने झोपडीच्या मेढीला बांधलेलं. गाठ दातांनी मारलेली दिसत होती. सुंभाखाली कातडं लाल झालं होतं, आणि त्या बांधलेल्या हाताची बोटं हलत होती. अंगठा पुढे, मागे. पुढे, मागे. दादा घोरत होता.

मी त्याला उठवलं नाही. तिथेच बसून राहिलो. त्या बोटांकडे बघवत नव्हतं आणि पाठ फिरवायचीही भीती वाटत होती. खूप वेळाने ती थांबली.

जागा झाल्यावर त्याला विचारलं, हे काय. म्हणाला, "जागेपणी माजा ऐकता तो आता. निजलंय की तेका कोण राखता?"

सहा आठवडे झाले तसे आम्ही झोपडीतूनच परस्पर मालवणला गेलो. डॉक्टरांनी गाल ओढला, दिवा धरला. रुपयाएवढा चट्टा मसूरडाळीएवढा राहिला होता. पण राहिला होता. ते म्हणाले, हे तसंच ठेवण्यात अर्थ नाही. इंजेक्शन देऊन तेवढा तुकडा त्यांनी काढला, बाटलीत घालून तपासायला पाठवला.

निकाल यायला आठ दिवस होते. ते आठ दिवसही दादा सड्यावरच राहिला आणि मी फोन खिशातून हातात घेतला, की तो झापाकडे बघायचा. निकालाचा अर्थ डॉक्टरांनी समोर बसवून सांगितला. पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर झालेला नव्हता. खराब भाग सगळा निघाला आहे असं दिसतं. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं.

"म्हणजे मी सुटलो?" दादाने विचारलं. डॉक्टरांसमोर तो पुस्तकी बोलतो.

"आज," डॉक्टर म्हणाले. "यापेक्षा मोठा शब्द मी तुम्हाला कधीच देणार नाही. तंबाखू परत तोंडात गेली, तर हाही नाही."

घरी यायच्या आधी दादाने मला कामाला लावलं. विहिरीच्या कठड्यावर, तो बसायचा त्या जागी, मी काटेरी निवडुंगाच्या कुंड्या ठेवल्या. पडवीतली त्याची खाट माजघरात गेली. गायीचं दावं गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं, दूध काढायचं काम वहिनीने घेतलं. जेवून हात धुवायला तो मागच्या दारी जायचा, आता पुढच्या दारी जातो आणि तसाच चालत देवळापर्यंत जाऊन येतो. वहिनी कुरकुरते, "माणूस बदलूचो सोडून ह्येनी घर बदलूक काडल्यानी." पण कुंड्यांना पाणी तीच घालते.

फाल्गुनात काजूच्या दिवसांत सड्याच्या मालकाचा निरोप आला. आम्ही होतो तेव्हा आमच्या गायीने त्याची दोन तरणी काजूकलमं खाल्ली होती. तेव्हा तो बोलला नाही, ती परत फुटतील असं त्याला वाटलं होतं. एका कलमाचे तीनशे, म्हणून सहाशे रुपये. मी आधी जाऊन कलमं बघून आलो. एक वाळून गेलं होतं. दुसरं फुटलं होतं, पण जोडाच्या खालून, म्हणजे ते कलम राहिलं नव्हतं. मागणी रास्त होती. दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, पैसे मी देणार, तू नुसता चल.

मालकाच्या खळ्यात बसलो. चहा झाला. दादाने नोटा काढून हातात धरल्या. व्यवहार मिटला की आमच्याकडे जे करतात तेच मालकाने केलं: तंबाखू मळली, फुंकर मारून चुन्याची पूड उडवली आणि तळवा दादापुढे धरला.

दादा त्याच्या कलमांविषयी बोलत होता. बोलताबोलता त्याचा उजवा हात, नोटा धरलेला, उठला. बोटांतल्या नोटा सैल झाल्या. मी बघत होतो.

हात मालकाच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर थांबला. दादाने बोलणं तोडलं, नोटा माझ्या मांडीवर टाकल्या, उठला आणि चपला न घालता फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मालकाचा तळवा तसाच राहिला. त्याला ते लागलं. "माजी तंबाकू काय इखाची रे?" तो ओरडला.

"तुजी बरी आसा," दादा बाहेरून म्हणाला. उजवा हात त्याने डाव्या काखेत दाबून धरला होता. "माजो हात तेका अजून वळाखता."

मी नोटा मोजून दिल्या. दोन काजूकलमांचे सहाशे रुपये, सड्याच्या मालकाला. पैसे दादाचे, दिले मी.